पैसा, मूठ आणि पंधरा लाख : लोकाश्रयाच्या इतिहासातील काही पाने

सार्वजनिक संस्थांचे इतिहास मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहेत. त्यांत संस्थापकांची चरित्रे असतात, कोनशिलेच्या समारंभांची वर्णने असतात, घटना आणि नियम असतात. देणगीदारांची यादी मात्र शेवटी, बारीक टाइपात, परिशिष्टाच्या आश्रयाला गेलेली आढळते. प्रस्तुत स्मरणिकेच्या अखेरीसही अशी यादी असणारच, आणि स्वतःचे नाव शोधण्यापुरतीच ती बहुतेकांकडून पाहिली जाईल, हेही उघड आहे. परंतु संस्थेची खरी जन्मपत्रिका ह्याच यादीत असते, असे इतिहासाच्या अभ्यासकाला वाटल्यावाचून राहत नाही. कोणी दिले, किती दिले, आणि विशेष म्हणजे दुसऱ्या वर्षी पुन्हा दिले की नाही, ह्या तीन गोष्टी कळल्या की संस्थेच्या प्रकृतीविषयी फारसे काही विचारावे लागत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींना हा विषय परका नाही. परप्रांतात मराठी वाचनालय, गणेशोत्सव किंवा मंडळाची वास्तू उभी राहते ती वर्गणीवर. तेथे ना राजा पाठीशी असतो, ना गावकी. म्हणून ह्या निमित्ताने महाराष्ट्रातील लोकवर्गणीच्या परंपरेतील काही प्रसंग, आणि त्यांतही महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण, जरा निवांतपणे पाहावे असे वाटले.

राजाश्रयाचा काळ १८१८ साली संपला. पेशवाईत विद्वानांना दक्षिणा मिळे; त्या दक्षिणेच्याच निधीतून इंग्रज अमदानीत १८२१ साली पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. पण नव्या राज्यकर्त्याचा हात आखडता होता आणि त्याची आवड वेगळी होती. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत शाळा, सभा, वाचनालये, वृत्तपत्रे यांचा जो संसार उभा राहिला त्याला नवा पोशिंदा हवा होता, आणि तो म्हणजे पगारदार कारकून, वकील, मास्तर, छोटा व्यापारी. हा दाता राजासारखा एकदाच ओंजळ भरून देणारा नव्हता. तो थोडे देणार, विचार करून देणार, आणि दिलेल्याचे काय झाले हे विचारणार. शिवाय मंदिराला, अन्नछत्राला दिले तर पुण्य लागते हे त्याला घरात शिकवलेले होते. काचेच्या कारखान्याला किंवा विधवेच्या शिक्षणाला दिल्याने काय लागते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ते सांगण्याचे काम वर्गणी मागणाऱ्याच्या वाट्याला आले.

अंताजी दामोदर काळे यांनी ह्या कोड्याचे एक उत्तर काढले. माणशी वर्षाला एक पैसा! रुपयाचे चौसष्ट पैसे असलेल्या त्या काळात कोणालाही ‘नाही’ म्हणता येऊ नये इतकी ती रक्कम अल्प होती. आणि देशाची लोकसंख्या लक्षात घेता बेरीज मात्र डोळे दिपविणारी. लोकमान्य टिळकांनी ह्या पैसा फंडाला पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांचे तांत्रिक साह्य त्याला लाभले. तेथे काचकाम शिकलेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले, हे ह्या पैशाचे मोठेच फळ म्हटले पाहिजे. तथापि योजनेत एक मूळचीच अडचण होती. एक पैसा गोळा करण्यास जे पाय झिजवावे लागतात ते पैशाहून महाग पडतात. आणि एवढी लहान रक्कम देणारा मनुष्य ती दिल्याचे संध्याकाळपर्यंत विसरतो. पैसा आला, पण पैसेवाला आपला झाला असे सर्वत्र म्हणता येत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या मुठीने ही उणीव भरून काढली. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी त्यांनी घरोघरच्या बायकांना रोज दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढावयास सांगितले. मूठ रोज काढावी लागे, म्हणून संस्थेचे स्मरणही रोज होई. आणि त्या धान्याची भाकरी खाणारा मुलगा आपल्याच पंचक्रोशीतला असे. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने वसतिगृहाच्या चुलीसाठी मोडले, ही गोष्ट त्या बायकांना ठाऊक होती. त्यामुळे मूठ मागणाऱ्याच्या अधिकाराबद्दल कोणी प्रश्न केला नाही. १९४८ साली सरकारी अनुदान थांबले तेव्हा संस्थेला ह्याच लोकांचा आधार सापडला.

पण काळे आणि भाऊराव यांचे मागणे, कष्टाचे असले तरी, लोकांना पटण्याजोगे होते. स्वदेशी कारखाना कोणाला नको होता? स्वतःचे पोर शिकावे असे कोणाला वाटत नव्हते? कर्व्यांची गोष्ट निराळी. ज्या कार्याला बहुसंख्य समाजाची संमतीच नव्हती, किंबहुना ज्याचा अनेकांना तिटकारा होता, त्या कार्यासाठी त्यांनी त्याच समाजापुढे हात पसरला, आणि तोही एकदोन वर्षे नव्हे.

११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाई ह्या विधवेशी पुनर्विवाह केला. ह्याच गोदूबाई पुढे आनंदीबाई अथवा बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. मुरूडच्या ब्रह्मवृंदाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तीनच वर्षांनी, १४ जून १८९६ रोजी, ह्या वाळीत पडलेल्या गणिताच्या प्राध्यापकाने अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना केली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले. पहिली मोठी रक्कम कर्व्यांनी स्वतःच घातली. साठविलेले एक हजार रुपये. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आजीव सदस्याचे मासिक वेतन तेव्हा पाऊणशे रुपये होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हजाराचे वजन कळते.

पुढे त्यांनी स्वतःच्या आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. आनंदीबाईंना हे कळले तेव्हा घरात मोठाच कलह झाला. उद्या तुम्हांला काही झाले तर मी आणि मुलांनी काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता. आणि एकदा वैधव्य भोगलेल्या स्त्रीने तो विचारावा ह्यात काहीच गैर नव्हते. चरित्रकार हा प्रसंग सहसा कर्व्यांच्या त्यागाचे उदाहरण म्हणून सांगतात. मला तो बाईंच्या बाजूनेही पाहावासा वाटतो. आश्रमाचा सर्वांत मोठा देणगीदार एका अर्थी त्याच होत्या, आणि देणगी देण्यापूर्वी त्यांना विचारण्यात आले नव्हते. इतर प्रत्येक दात्याशी अत्यंत काटेकोर असणाऱ्या ह्या मनुष्याने एवढा एक अपवाद केला, आणि तो आपल्या घरात केला.

बाहेरच्या दात्याशी कर्वे कसे वागले, हाच खरा अभ्यासाचा भाग आहे. त्यांचा पहिला नियम असा दिसतो की, पैसा कशासाठी हवा हे आधी स्वच्छ सांगावयाचे, आणि मग त्या शब्दाबाहेर जावयाचे नाही. त्यांच्या हातात त्या वेळी दोन कार्ये होती : एक विधवाविवाहाचे, दुसरे विधवांच्या शिक्षणाचे. आश्रम हा शिक्षणासाठी आहे, लग्ने लावण्यासाठी नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि पुढे विवाहाच्या चळवळीतून अंग काढून घेतले. सुधारक मंडळी ह्यावर रागावली. ज्याने स्वतः पुनर्विवाह केला त्याने आता असे भित्रे धोरण धरावे, हे त्यांना रुचले नाही. सनातन्यांचा संशय तर फिटणे शक्यच नव्हते. आश्रमातील एखाद्या विधवेचा विवाह झाला की ओरड होई. परंतु हळूहळू अशी माणसे पुढे येऊ लागली, ज्यांना पुनर्विवाह मान्य नव्हता पण आपल्या विधवा बहिणीने चार अक्षरे शिकून स्वतःच्या पायावर उभे राहावे असे मनातून वाटत होते. ही माणसे सभेत टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी नव्हती. आश्रम टिकला तो बऱ्याच अंशी त्यांच्यावर.

ह्या विश्वासाची किंमतही होती, ती लपविण्यात अर्थ नाही. आश्रमात प्रारंभी उच्चवर्णीय विधवांनाच प्रवेश होता. दात्यांचा वर्ग ज्या चालीरीती पाळीत होता, त्या मोडण्याचे धाडस संस्थेने केले नाही. त्यावर त्या काळीही टीका झाली आणि ती अन्यायाची नव्हती. वर्गणीदाराची मर्जी सांभाळता सांभाळता संस्थेच्या दाराची रुंदी वर्गणीदाराच्या मनाएवढीच राहते, हा लोकाश्रयाचा एक अंगभूत दोष आहे. कर्व्यांनी समता संघ काढला तो १९४४ साली; वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जेव्हा कोणाची मर्जी राखण्याचे त्यांना कारण उरले नव्हते.

पुण्यात १८९९ च्या आरंभी सुरू झालेला आश्रम प्लेगमुळे हिंगण्यास हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथील सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, आणि १९०० साली पाचशे रुपयांत पहिली झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसभर महाविद्यालयात शिकवीत आणि संध्याकाळी चार मैलांची चिखलाची वाट तुडवीत, आश्रमाचे जिन्नस खांद्यावर घेऊन, हिंगण्यास जात. त्यांचे हे रोजचे जाणे पुणे पाहत होते. छापील आवाहनाला जे साधले नसते ते त्या चालण्याने साधले, असे मला वाटते. कारण कर्वे वक्ते मुळीच नव्हते. लाजाळू स्वभाव, हळू बोलणे, आर्जवाची सवय नाही. वर्गणी गोळा करणाऱ्याला जे गुण अवश्य मानले जातात त्यांपैकी चिकाटी सोडून एकही त्यांच्या ठिकाणी नव्हता. महाविद्यालयाच्या सुट्ट्या त्यांनी वर्षानुवर्षे गावोगाव वर्गणीसाठी फिरण्यात घालविल्या. जो आज देत नाही त्याच्याकडे पुढच्या सुट्टीत पुन्हा जावयाचे, न रागावता, न टोमणा मारता. मिळाले ते चार आणे असोत की चारशे रुपये, त्याचा हिशेब अहवालात यावयाचा. गणिताच्या शिक्षकाला हे सोपे गेले असेल असे कोणी म्हणेल. हिशेब सोपा असतो. तो दरवर्षी आपणहून लोकांपुढे मांडणे सोपे नसते, हे कोणत्याही मंडळाच्या खजिनदाराला विचारावे.

ह्या कामात त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचा वाटा फार मोठा आहे. स्वतः विधवा, मोठ्या वयात अक्षरओळखीपलीकडे गेलेल्या, अशा ह्या बाई आश्रमासाठी गावोगाव व्याख्याने देत आणि निधी जमवीत हिंडल्या. आश्रमाविषयी लोकांच्या मनात जे प्रश्न असत त्यांचे जिवंत उत्तरच त्यांच्या रूपाने लोकांपुढे उभे राही. इंग्रजी येत नाही ही उणीव त्यांना खटकत होती. ती भरून काढण्यासाठी १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र आज फारसे वाचले जात नाही. मंडळांच्या वाचनालयांनी ते मिळवून ठेवावे, एवढे जाता जाता सुचवितो.

१९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे कर्वे अध्यक्ष होते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे बनारसहून आली होती. तिच्या वाचनातून भारतवर्षीय महिला विद्यापीठाची कल्पना त्यांनी परिषदेपुढे मांडली, आणि १९१६ साली ते विद्यापीठ पाच विद्यार्थिनींच्या महाविद्यालयासह सुरूही झाले. सरकारी मान्यता नाही, सरकारी पैसा नाही. विशेष लक्षात घेण्याजोगी होती ती त्याची घटना. वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांचे मतदारसंघ करून त्यांनी निवडलेल्या सभासदांचे सिनेट बनविण्यात आले. लहानसहान वर्गणी देणारा मनुष्य विद्यापीठाच्या कारभारात मतदार झाला! देणाऱ्याला पावतीबरोबर मतही द्यावयाचे, ही कल्पना त्या काळी धीट होती. आजही अनेक संस्थाचालकांना ती पचणार नाही.

चार वर्षांनी ह्या लहान वर्गणीदारांच्या विद्यापीठाला एक अतिशय मोठा दाता भेटला. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासमवेत जगप्रवासाला गेले असता टोकियोचे महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. कर्व्यांनी जे पुस्तिकेत वाचले होते तेच ह्यांनी प्रत्यक्ष पाहिले, आणि परतल्यावर १९२० साली पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले. साडेतीन टक्के दराने ह्या रकमेचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये होई, आणि ते विद्यापीठास मिळू लागले.

एवढ्या मोठ्या देणगीला अटी असणे स्वाभाविक होते. विद्यापीठाचे ठाणे पुढे मुंबईस नेण्याचा प्रश्न त्यांत होता. दाता आणि संस्थाचालक समोरासमोर बसून बोलू शकत होते तोवर अटींचा काच जाणवला नाही. पण सर विठ्ठलदास १९२२ सालीच वारले. आता कर्व्यांच्या समोर मित्र नव्हता, विश्वस्तांचे मंडळ होते. आणि विश्वस्त कागद वाचतात, मन वाचीत नाहीत. त्यांना दोष देता येत नाही, तेच त्यांचे कर्तव्य असते. पुढे अटींच्या अर्थावरून मतभेद झाले आणि वार्षिक रक्कम थांबली. ज्या उत्पन्नावर महाविद्यालये, शाळा आणि शिक्षकांचे पगार अवलंबून होते तेच आटले. अखेर तडजोड झाली आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईस गेले. पुणेकरांना ते जड गेले असल्यास नवल नाही.

अनेकांनी ह्या प्रकरणातून मोठ्या देणगीचा धोका तेवढा उचलला. मला मात्र त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. ठाकरसी घराण्याचा संबंध कागदापुरता उरला नाही. सर विठ्ठलदासांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी विद्यापीठाचे काम आपले मानले; आणि १९५१ साली विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली तेव्हा पहिल्या कुलगुरू त्याच झाल्या. वादाच्या काळात जर संस्थेने कडवटपणा धरला असता, दात्याच्या घराला तोडून टाकले असते, तर हे घडते ना. रक्कम थांबल्यावरही माणसे थांबू न देणे, हे कर्व्यांच्या पिढीचे कसब होते.

विद्यापीठाच्या निधीसाठी स्वतः कर्वे १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, परदेशांस निघाले. युरोप, अमेरिका, जपान. आणि परत आल्यावर लगेच आफ्रिका. पूर्व आफ्रिकेत त्यांचे चिरंजीव डॉ. शंकरराव मोंबासा येथे वैद्यकी करीत होते. तेथून दक्षिण आफ्रिकेपर्यंत हा वृद्ध मनुष्य हिंदी लोकांच्या वस्त्यांतून हिंडला. तेथील देणारे बहुतांशी मराठी नव्हतेच. हिंगणे कोठे आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आणि ज्या विद्यापीठात आपली मुलगी कदाचित कधीही जाणार नाही त्याला त्यांनी पैसे दिले. मायभूमीपासून दूर राहणाऱ्याला तिकडच्या एखाद्या शाळेशी नाते जोडावेसे वाटते, ह्याचा अनुभव ह्या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळा सांगावयास नको.

मुख्यालय मुंबईस गेले त्याच १९३६ साली कर्वे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पंधरा लाखांचे विद्यापीठ आता मार्गी लागले होते. त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत सरकारी शाळा नाही तेथे शाळा काढणे हे त्याचे काम. मंडळाजवळ काहीच नव्हते. सत्तर रुपयांच्या पेन्शनीतून दरमहा पंधरा रुपये त्यांनी आधी स्वतः दिले, आणि मग ते पुण्याच्या पेठांतून पुन्हा दारोदार वर्गणी मागावयास निघाले.